रूढी आणि निवाडा : इग्बो कादंबरीतील 'ओमेनाला'

'अमुक कादंबरीतील संस्कृतिदर्शन' हा आपल्या विद्यापीठीय संशोधनातील एक स्थिरावलेला विषय आहे. अशा प्रबंधांत सण, विवाहविधी, अंत्यविधी, दैवते, खाद्यपदार्थ, म्हणी अशी प्रकरणे पडतात आणि प्रत्येक प्रकरणात कादंबरीतून वेचलेली उदाहरणे मांडली जातात. कादंबरी हे जणू एक कोठार आहे आणि रूढी ही त्यात साठवलेली वस्तू आहे, असे गृहीतक ह्या पद्धतीमागे असते. आफ्रिकी कादंबरीच्या वाट्याला तर हे वाचन फार मोठ्या प्रमाणावर आले. चिनुआ अचेबे ह्यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) ह्या कादंबरीच्या अनेक आवृत्त्यांना शेवटी इग्बो शब्दांची सूची जोडलेली असते. ती वाचकाच्या सोयीची आहे खरी. पण कादंबरी वाचण्याची एक रीतही ती नकळत सुचवून जाते. शब्दाला अर्थ द्यावा, विधीला स्पष्टीकरण द्यावे आणि पुढे सरकावे, अशी ती रीत.

ह्या रीतीची सर्वांत भेदक चिकित्सा अचेबे ह्यांनी त्याच कादंबरीच्या शेवटी करून ठेवली आहे. ओकोंक्वोने गळफास घेतला आहे. आत्महत्या हा भूमीचा अपराध असल्यामुळे गोतातील कोणी त्याच्या देहाला हात लावू शकत नाही. ते काम परक्यांनीच करावयाचे असते. ब्रिटिश जिल्हाधिकारी कारण विचारतो, त्याला ते सांगितले जाते, आणि हुकूम देणारा हा माणूस क्षणात जिज्ञासू अभ्यासक बनतो. नायजर नदीच्या खालच्या खोऱ्यातील 'आदिम' जमातींना 'शांत' कसे केले, ह्यावर तो एक पुस्तक लिहिणार आहे. ओकोंक्वोची हकिगत त्यात कितपत सामावेल ह्याचा तो विचार करतो. आधी त्याला एक प्रकरण सुचते, मग एखादा बऱ्यापैकी परिच्छेद पुरेल असे वाटते. वाचकाने नुकतीच जी कादंबरी वाचून संपवली, तिचेच हे मापन आहे.

हा अधिकारी काल्पनिक असला, तरी त्याचे पुस्तक हवेतून आलेले नाही. सरकारी मानववंशशास्त्रज्ञ नॉर्थकोट थॉमस ह्यांचे इग्बो भाषकांवरील अहवाल १९१३-१४ मध्ये छापले गेले. मिशनरी जी. टी. बॅस्डेन ह्यांचे 'अमंग द इबोज ऑफ नायजेरिया' १९२१ मध्ये आले. १९२९ मध्ये आग्नेय नायजेरियातील स्त्रियांनी कर आणि सरकारनियुक्त 'वॉरंट चीफ' ह्यांच्याविरुद्ध मोठा उठाव केला, तेव्हा आपण ज्यांच्यावर राज्य करतो त्यांच्या व्यवस्थेची आपल्याला पुरेशी ओळख नाही ही गोष्ट सरकारला तीव्रतेने जाणवली, सी. के. मीक ह्यांचा 'लॉ अँड ऑथॉरिटी इन अ नायजेरियन ट्राइब' (१९३७) हा ग्रंथ त्या जाणिवेतून आला. ह्या लेखनातील माहिती पुष्कळदा मोलाची आहे, आणि ते सरसकट निकालात काढणे हा आळशीपणा ठरेल. प्रश्न त्याच्या क्रियापदांचा आहे. हे लेखन रीतिवर्तमानकाळात चालते: इग्बो असे करतात, इग्बो असे मानतात. ह्या काळात रूढीला तारीख नसते, तिच्याविषयी मतभेद नसतो आणि तिचा कंटाळा आलेला माणूसही नसतो.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, इग्बो कादंबरी रूढीला ह्या रीतिवर्तमानकाळातून बाहेर काढते. तेथे रूढी माहिती म्हणून येत नाही. ती खटला म्हणून येते. कोणी तिचा दाखला देतो, कोणी तो खोडतो, कोणी शेजारच्या गावाचे उदाहरण पुढे करतो, आणि ह्या वादातून कादंबरीची रचना उभी राहते. सण आणि विधी वेगळे काढून त्यांची यादी केली, की नेमकी ही रचनाच हातातून निसटते.

इग्बो भाषेत चालीरीतींना 'ओमेनाला' असा शब्द आहे; काही बोलींत 'ओमेनानी'. त्याची फोड साधारणतः 'भूमीवर जे घडते ते' अशी केली जाते. 'आला' अथवा 'आनी' म्हणजे भूमी, आणि तीच नीतीची अधिष्ठात्री देवता. मराठीत ह्या शब्दाला पर्याय शोधताना 'परंपरा' फार उदात्त वाटतो, 'प्रथा' कोरडा वाटतो, आणि 'रूढी' ह्या शब्दाला सुधारकांच्या शंभर वर्षांच्या वापरामुळे दोषाची छटा चिकटली आहे. त्यातल्या त्यात 'वहिवाट' हा शब्द जवळचा. त्यात जमीन आहे, वर्षानुवर्षांचा वावर आहे, आणि मुख्य म्हणजे वहिवाटीवरून तंटा होऊ शकतो हे त्यात गृहीत आहे.

'थिंग्ज फॉल अपार्ट'मधील शांतिसप्ताहाचा प्रसंग ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. पेरणीपूर्वीच्या त्या आठवड्यात कोणी कोणाला कठोर शब्दही बोलू नये, असा दंडक आहे. ओकोंक्वो त्या आठवड्यात बायकोला मारतो आणि भूदेवतेचा पुजारी त्याला एक शेळी, एक कोंबडी, कापडाचा एक तुकडा आणि शंभर कवड्या असा दंड ठोठावतो. संस्कृतिदर्शनाच्या प्रकरणात नोंद एवढ्यावर संपेल. कादंबरीत मात्र खरी गोष्ट येथून पुढे सुरू होते. गावातील सर्वांत वृद्ध पुरुष इझेउडू पाहुण्यांना सांगतो की, पूर्वी शांतिभंग करणाऱ्याला गावभर फरफटत नेऊन मारीत असत. पण जी शांती राखावयाची तिचाच ह्या शिक्षेने भंग होतो, हे ध्यानात आल्यावर ती चाल बंद पडली. बाहेरून कोणी सुधारक आलेला नाही, कायदा झालेला नाही. दंडकाचा हेतू आणि दंडकाची शिक्षा ह्यांतील विसंगती गोतानेच ओळखली आणि शिक्षा बदलली. त्याच बैठकीत ओबोडोआनी नावाच्या गावाचा विषय निघतो. ह्या सप्ताहात जो मरेल त्याला तेथे पुरत नाहीत, रानात टाकून देतात. ही वाईट चाल आहे आणि त्या लोकांना समज नाही, असे म्हातारा निर्विकारपणे सांगून टाकतो. ज्यांच्याविषयी युरोपीय ग्रंथांत 'आदिम चालीरीती' असे लिहिले जाते, तेच येथे शेजाऱ्यांच्या चालीरीतींची समीक्षा करीत बसले आहेत. ओबिएरिकाच्या घरी कन्याशुल्क ठरते तेव्हाही हेच घडते: काड्यांच्या जुड्या सभ्यपणे इकडून तिकडे फिरतात, आणि मग दुसऱ्या गावचे लोक गुरांच्या बाजारासारखी घासाघीस करतात म्हणून सगळे हसतात. हे हसणे अर्थात भाबडे आहे. त्याच उमुओफियात जुळी मुले रानात टाकली जातात, आणि ह्या चालीविषयी ओबिएरिकाला प्रश्न पडतो, तोही मनातल्या मनात.

ओकोंक्वोची शोकांतिका रूढीमुळे झाली की रूढी मोडल्यामुळे, असा प्रश्न परीक्षांतून विचारला जातो. तो चुकीच्या जागी ठेवलेला आहे. इकेमेफुना ह्या मुलाच्या वधाचा कौल दैवताने दिला होता. ह्यात तू हात घालू नकोस, असे इझेउडूने ओकोंक्वोला बजावले होते. कौलाला विरोध करायचा नाही आणि त्याची अंमलबजावणीही आपल्या हाताने करायची नाही, अशी एक अरुंद पण सन्मान्य वाट रूढीनेच मोकळी ठेवली होती, आणि ओबिएरिका ती वापरतो. ओकोंक्वोला ती दिसत नाही, कारण त्याला रूढीचा अर्थ लावता येत नाही. त्याला केवळ तिच्यापुढे दुबळे दिसण्याची भीती वाटते. बापाच्या स्मृतीपासून पळणारा हा माणूस परंपरेचा प्रतिनिधी म्हणून वाचला जावा, हे समीक्षेचे मोठेच अपयश होय.

हा व्यूह पूर्णत्वाला जातो तो 'अॅरो ऑफ गॉड' (१९६४) ह्या कादंबरीत. अचेबे ह्यांची ही सर्वांत मोठी कृती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. उमुआरोच्या सहा गावांनी गुलाम पकडणाऱ्या अबाम हल्लेखोरांपासून वाचण्यासाठी एकत्र येऊन उलू ह्या दैवताची स्थापना केली. दैवत माणसांनी, विशिष्ट प्रसंगी, विशिष्ट गरजेपोटी घडवले, ही गोष्ट उमुआरोत लहान पोरालाही ठाऊक आहे आणि तिच्यामुळे श्रद्धेला बाध येत नाही. उलट प्रतिपक्षाच्या हातात ती एक युक्तिवाद देते: जे दैवत आपण घडवले ते निरुपयोगी झाले, तर अनिंटाच्या लोकांनी आपल्या एका देवाला सीमेवर नेऊन जाळले तसे आपणही करू शकतो.

उलूचा पुजारी इझुलू हा उमुआरोचे कालमापन सांभाळतो. नवा चंद्र दिसला की तो ओगेने हे लोखंडी घंटावाद्य वाजवतो आणि पवित्र राखून ठेवलेल्या यामांपैकी एक भाजून खातो. याम म्हणजे आपल्याकडच्या कोनफळाच्या कुळातील कंद. इग्बो शेतकऱ्याची प्रतिष्ठा त्याच्या यामांच्या राशीवर मोजली जाते. राखीव याम संपत आले की पुजाऱ्याने नव्या यामच्या सणाचा दिवस जाहीर करावयाचा आणि त्यानंतरच गावाने पीक काढावयाचे. कादंबरीच्या आरंभीच इझुलू स्वतःला विचारतो की, हा दिवस ठरवण्याचा आपला अधिकार खरा आहे की घरातील बकरी नावापुरती एखाद्या मुलाच्या मालकीची असते तसा. जोवर दिवस जाहीर करणे आणि तो नाकारणे ह्या दोन्ही गोष्टी आपल्या हातात नाहीत, तोवर तो अधिकार कसला? अधिकार असणे आणि अर्थनिर्णयाचे कर्तव्य असणे ह्यांतील हा गोंधळ पुढच्या सगळ्या विनाशाचे बीज आहे.

जिल्हाधिकारी विंटरबॉटम इझुलूला 'वॉरंट चीफ' करू पाहतो. इग्बो गोतांमध्ये राजे नसताना ते निर्माण करण्याचा हा सरकारी उद्योग ऐतिहासिक आहे. इझुलू नकार देतो आणि ओकपेरी येथे ३२ दिवस अडकून पडतो. त्या काळातील दोन चंद्रांचे याम खाल्लेच गेले नाहीत. परत आल्यावर तो म्हणतो की ते क्रमाने, एकेका चंद्राला एक असेच खावे लागतील. तोवर सण नाही. पिके जमिनीत कुजू लागतात.

येथे गावातील दहा मान्यवर त्याच्याकडे येतात. हा प्रसंग संपूर्ण कादंबरीचा गाभा आहे, आणि त्याची रचना निव्वळ न्यायनिवाड्याची आहे. न्नान्येलुगो हा गृहस्थ थेट मागणी करीत नाही. तो संभाषण हलकेच बदलाच्या विषयाकडे वळवतो. लोकांना जाचक होऊ लागल्यावर पालटलेल्या, काही ऐन भरात असताना मेलेल्या, काही जन्मतःच मेलेल्या अशा चालींची उदाहरणे निघतात. उमुआरोत एके काळी राजपदाचा पाचवा किताब होता. पण तो घेणाऱ्याने आधी गावातील प्रत्येक स्त्रीपुरुषाचे कर्ज फेडावे अशी अट असल्याने तो कोणी घेतलाच नाही आणि लोप पावला. हा दाखला निवडण्यामागे केवढा सूक्ष्म उपरोध आहे! राजा होण्याचे नाकारून आलेल्या माणसापुढे, राजपद कसे नाहीसे झाले ते सांगितले जात आहे. शिवाय चेहऱ्यावर वण कोरण्याची 'इची' ही चाल इझुलूच्याच घराण्यातील पुजाऱ्याने थांबवली होती, हे वाचकाला आधीपासून ठाऊक आहे. म्हणजे पूर्वदाखले सगळे एका बाजूला आहेत. अखेर मान्यवर म्हणतात: तू ते याम खा; दोष लागला तर तो आम्हा दहाजणांच्या माथी. मराठी वाचकाला येथे आपल्याकडच्या गोतसभेची आठवण होईल. फरक इतकाच की गोतसभेच्या मागे बहुधा सरकार उभे असे; उमुआरोच्या मागे कोणी नाही. अर्थ लावण्याची सगळी जबाबदारी ह्या खोलीत बसलेल्या माणसांची आहे.

आणि ह्या सबंध चर्चेत इझुलू गप्प राहतो. त्याची बुद्धी कमी पडत नाही; ख्रिस्ती शाळेत मुलगा धाडून नव्या जगावर डोळा ठेवणारा, जमिनीच्या तंट्यात स्वतःच्या गावाविरुद्ध खरी साक्ष देणारा हा माणूस उमुआरोतील सर्वांत लवचीक मन आहे. तोच आता नियमाच्या अक्षराला कवटाळतो. त्यात सूड किती आणि भक्ती किती, हे तो स्वतःही ठरवू शकत नाही. ही लढाई तुझी आहे असे तुला कोणी सांगितले, असे उलू त्याला बजावतो, आणि आपण केवळ देवाच्या धनुष्यावरील बाण आहोत ह्या कल्पनेत त्याला आसरा मिळतो. ज्याने अर्थ लावावयाचा, त्याने 'मी अर्थ लावीत नाही, केवळ पाळतो' असे म्हणणे, ह्यातच अर्थाची सर्वांत मोठी मोडतोड असते. परंपरावाद म्हणून जे आपण ओळखतो ते परंपरेच्या आत कसे जन्मते, ह्याचे इतके काटेकोर चित्रण दुसरीकडे क्वचितच आढळेल.

१९७४ च्या सुधारित आवृत्तीच्या प्रस्तावनेत अचेबे ह्यांनी असे सुचवले आहे की, इझुलू भानावर राहिला असता तर आपल्या लोकांचे दुरावणे त्याने कदाचित एक विधी म्हणून स्वीकारले असते आणि त्यांना क्षमा केली असती. लेखकाची ही माया समजण्यासारखी आहे, पण ती संहितेवर लादण्याचे कारण नाही. संहितेत क्षमा नाही. तेथे मुलाच्या मृत्यूनंतर वेड लागलेला पुजारी आहे, आणि मिशनचा धर्मोपदेशक गुडकंट्री आहे. गुडकंट्रीची चाल अशी की, उलूऐवजी ख्रिस्ती देवाला याम अर्पण करा आणि निर्धास्तपणे पीक काढा. त्याने काही मोडले नाही. पीक काढण्यापूर्वी एक याम देवाला द्यावा, हे कलम तसेच राहिले. फक्त घेणारा बदलला. मान्यवरांनी मागितलेला निवाडा अखेर चर्चने दिला.

ह्या कथानकाचा उगम उमुचू गावच्या एका स्थानिक इतिहासपुस्तिकेत असल्याचे चार्ल्स न्नोलिम ह्यांनी १९७७ मध्ये दाखवले आणि त्यावरून बराच वाद झाला. सण जाहीर न करणारा पुजारी इतिहासात होता, हे कळल्याने कादंबरीचे मोल घटत नाही. मात्र दहा मान्यवरांचा तो संवाद कोणत्या प्रतीच्या कल्पनाशक्तीने घडवला असेल, ह्याचा अंदाज त्यावरून अधिक चांगला येतो.

निवाड्याची जागाच नाहीशी झाली की रूढीचे काय होते, ह्याचे उत्तर 'नो लाँगर अॅट ईज' (१९६०) देते. दैवताला वाहिलेल्या आणि म्हणून पिढ्यान्पिढ्या अस्पृश्य ठरलेल्या 'ओसू' कुळातील क्लारावर ओबीचे प्रेम आहे. पूर्व प्रांताच्या विधिमंडळाने १९५६ मध्ये ओसू प्रथा कायद्याने रद्द केली होती. ओबीचा बाप आयझॅक आयुष्यभर ख्रिस्ती धर्मोपदेशक आहे. तरीही तो ह्या लग्नाला नकार देतो, आणि ओसूपणाची तुलना महारोगाशी करतो. कायदा आहे, बायबल आहे, इंग्रजी पदवी आहे. नाही ती सभा, जिच्यात ही चाल उभी करून तिला प्रश्न विचारता आले असते. जुन्या उमुओफियात वाद घालता येई. येथे बापलेकांच्या खोलीत फक्त भीती उरली आहे. कादंबरी म्हणून ही कृती पहिल्या दोन्हींहून पातळ आहे, पण हा एक प्रसंग वगळता येत नाही.

येथवरच्या विवेचनावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो गंभीर आहे. अचेबे ह्यांची सभा पुरुषांची आहे. 'थिंग्ज फॉल अपार्ट'मध्ये एग्वुग्वू, म्हणजे पूर्वजांची रूपे घेतलेले मुखवटाधारी न्यायाधीश, म्बाफो ह्या मारहाण झालेल्या स्त्रीचा खटला चालवतात. तिच्या वतीने भाऊ बोलतो. ती बोलत नाही. स्त्रिया कडेला उभ्या आहेत. मुखवट्यांपैकी एकाची चाल ओकोंक्वोसारखी आहे हे त्यांच्या लक्षात आले असेल, पण त्या ते बोलून दाखवीत नाहीत. ज्ञान आहे, वाचा नाही. इडेमिली ह्या जलदैवताचे उदाहरण आणखी बोलके आहे. इफी अमाडियुमे ह्यांनी न्नोबी गावाच्या अभ्यासात (१९८७) इडेमिली ही तेथील केंद्रस्थानी असलेली स्त्रीदेवता असल्याचे आणि तिच्याभोवती स्त्रियांच्या सत्तेची रचना उभी असल्याचे दाखवले. 'अॅरो ऑफ गॉड'मध्ये मात्र इडेमिलीचा पुजारी आपल्या दैवताचा उल्लेख पुल्लिंगाने करतो. इग्बो भाषेत सर्वनामाला लिंगभेद नाही. इंग्रजीत लिहिताना कोणते तरी लिंग निवडावेच लागते, आणि निवड हाही एक निवाडाच असतो. १९८७ च्याच 'अँटहिल्स ऑफ द सव्हाना' ह्या कादंबरीत अचेबे ह्यांची इडेमिली परमेश्वराची कन्या म्हणून अवतरते. तेवीस वर्षांनी लेखकाने आपलाच निर्णय फिरवला, असे म्हणता येईल.

स्त्रियांची सभा कोठे भरते, हे पाहावयाचे असेल तर फ्लोरा न्वापा ह्यांच्या 'एफुरू' (१९६६) कडे वळले पाहिजे. ह्या कादंबरीत बोलण्याखेरीज फारसे काही घडत नाही, अशी तक्रार आरंभी झाली. विहिरीवर, बाजारात, चुलीपाशी, बाळंतिणीच्या खोलीत बायका बोलतात. आणि त्या बोलण्यात प्रत्येक रूढीचा मुकदमा चालू असतो. कन्याशुल्क न देता एफुरू अडिझुआच्या घरी गेली, ते लग्न म्हणावे काय? एकच मूल होऊन गेले, आता नवऱ्याला दुसरी बायको करून देणे कोणाचे काम? मुलीच्या सुंतेला ह्या बायका 'स्नान' म्हणतात; त्या वेदना, त्यानंतरची महिनाभराची उत्तम खाण्यापिण्याची चंगळ आणि मग बाजारातून मिरवणे, हे सगळे न्वापा एका सुरात सांगतात. निषेध करणारा निवेदक येथे नाही, आणि आजच्या वाचकाला हे जड जाते. तसे ते जावेही. पण न्वापा ह्यांची निवेदनपद्धती निकाल जाहीर करण्याची नाही. ती साक्षी नोंदवण्याची आहे. निकालाची वेळ येते तेव्हा तो वेगळ्याच रीतीने लागतो: दुसरा नवरा गिल्बर्ट एफुरूवर व्यभिचाराचा आळ घेतो, आणि पहिल्या सासूची बहीण अजानुपू त्याच्या डोक्यात मुसळ घालते.

एफुरू अखेर तळ्याची देवता उहामिरी हिची उपासक होते. ओरीच्या दिवशी, म्हणजे चार दिवसांच्या इग्बो आठवड्यातील त्या ठरावीक दिवशी, ती पांढरे वस्त्र नेसते, याम खात नाही, नवऱ्यापासून दूर राहते. उहामिरी संपत्ती देते, रूप देते; अपत्य देत नाही, कारण ते तिच्याजवळच नाही. मग बायका तिला का भजतात, ह्या प्रश्नाशी कादंबरी थांबते. त्याला उत्तर दिलेले नाही. तेरा वर्षांनी बुची एमेचेटा ह्यांनी आपल्या कादंबरीला 'द जॉइज ऑफ मदरहूड' हे नाव दिले, ते ह्याच अखेरच्या ओळींतून उचललेले आहे, आणि त्यांनी ते कडवट उपरोधाने वापरले. न्वापा ह्यांच्या बायकांचा मुकदमा एमेचेटांच्या लागोसमध्ये, रेल्वेच्या खोल्यांत आणि शिलाईयंत्रांच्या शेजारी, पुढे चालू राहिला.